रात्रीचा राजा, सकाळचा बोजा

कार्तिक महिना लागला की आपल्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. देवळासमोर दशावतारी नाटक उभे राहते. आधी गणपती येतो. मग मोरावर बसून सरस्वती येते. संकासूर आला की पोरे आईच्या पदराआड लपतात. पुढे आख्यान रंगते, राजा गर्जतो, लढाई होते. पहाटे दहीकाला होतो आणि आपण घरी जाऊन झोपतो.

पण राजा कुठे जातो?

आपल्याकडे म्हणतात ना, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा! पूर्वी ही मंडळी कपड्यांचे पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरत. आता टेंपो किंवा बस असते. तरी फिरणे काही चुकलेले नाही. आज एक गाव, उद्या दुसरे.

कलावंतांची अशी फिरती दाखवणारे चित्रपटही निघतात. त्यांना माहितीपट म्हणतात. माहितीपट वेगळा आणि नेहमीचा सिनेमा वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ नावाचा मराठी चित्रपट आला. त्यात दिलीप प्रभावळकर यांनी म्हाताऱ्या दशावतारी कलावंताचे काम केले. काम फार छान, पण गोष्ट रचलेली. माहितीपटात माणसे खरी असतात. तीच त्यांची घरे, तीच त्यांची भांडणे. कॅमेरावाला त्यांच्याबरोबर महिनोन्‌महिने राहतो, पुष्कळ चित्रे घेतो आणि त्यातली थोडीच ठेवतो. काय ठेवायचे हे तोच ठरवतो बरे का! म्हणून माहितीपट पाहिला म्हणजे सगळे कळले, असे समजू नये.

महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घ्या. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे लोक असत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ही दोघे कित्येक वर्षे त्यांच्यामागे फिरली. त्यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो फ्रान्समधल्या कान शहरी दाखवला गेला. त्यात आहे तरी काय? गंजलेली लॉरी. अडून बसणारे जुने यंत्र. सिनेमाची रिळे वेळेवर पोचत नाहीत आणि बाहेर लोक ओरडू लागतात. यंत्रे दुरुस्त करणारा एक हुशार कारागीर आहे, पण त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. कारण रिळे जाऊन नवे तंत्र आले. पडद्यावरचा नायक आपण पाहतो. तंबूवाल्याची चिंता या माहितीपटाने दाखवली.

आपल्या दशावतारावर कोणी असे चित्र काढले तर त्यात काय दिसेल? तोंडाला रंग लावून स्वतःच नटणारा माणूस दिसेल. पुरुषच साडी नेसून राणी होताना दिसेल. लिहिलेली संहिता नाही. आख्यान काय ते आधी ठरते आणि बोलणे रंगमंचावरच सुचते, हे दिसेल. पेटी आणि मृदंग वाजवणारे रात्रभर बसून असतात, तेही दिसेल. आणि सकाळी रंग अर्धाच पुसलेल्या राजाला चहावाला विचारील, “राजानू, चाय व्हयी?” मला विचाराल तर सगळ्या नाटकापेक्षा तेवढेच चित्र मी पुन्हा पुन्हा बघेन.

पण त्या राजाला ते चालेल का? दमून, तोंड उघडे टाकून झोपलेला माणूस जगाला दाखवावा का? हे त्यालाच विचारले पाहिजे. हल्ली जत्रेत ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असतो आणि विचारणारे थोडे. कोणी कॅमेरा घेऊन कंपनीबरोबर राहायला आला, तर मालकाने आणि कलावंतांनी आधी बोलून घ्यावे. चित्र कुठे दाखवणार? पैसे आले तर आमचा वाटा किती? नको असलेला भाग काढणार का? तो सहीसाठी कागद पुढे करील. घाई नको. कागद आधी पुरता वाचावा. आता तर आपल्याला वाचता येते.