बारा पिशव्या दूध आणि एक अंगठा

(अहिल्यानगर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून एका मित्रानं मला विचारलं, "तू तत्त्वज्ञानाचा मास्तर. संगणकवाल्यांची टिंगल करायचा अधिकार तुला कोणी दिला?" मी म्हटलं, माझ्या अंगठ्यानं दिला. त्याची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण अजून आहोत, हे पुराव्यानिशी सांगायचं. काही वर्षांपूर्वी मी त्यासाठी एका बँकेत गेलो आणि यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. डावा ठेवला, तोही नाही. मग पुसून, थोडा ओला करून, परत पुसून. सगळे प्रयोग झाले. काउंटरवरची मुलगी स्वभावानं फार चांगली होती. ती म्हणाली, "सर, मला तुम्ही दिसताय हो, पण सिस्टीमला दिसत नाही."

आता बघा, देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला, आणि शेवटी आपण विचार करतो आहोत एवढ्याच आधारावर स्वतःचं अस्तित्व सिद्ध केलं. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. त्या काउंटरवर त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. शेवटी कागदी फॉर्म भरला, अधिकाऱ्यानं समोर बघून सही केली, आणि मी पुन्हा जिवंत झालो. तो कागदी रस्ता आजही उघडा आहे बरं का, हे सभागृहातल्या माझ्या वयाच्या मंडळींनी लक्षात ठेवा.

घरी येऊन भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत प्रोग्रॅमर आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "मामा, यात बग काही नाहीये. तुम्ही एज केस आहात." एज केस म्हणजे काठावरचं प्रकरण, क्वचित घडणारं. सत्तरी ओलांडलेला माणूस काठावर असतो, हे मला मान्य आहे. पण ते फोनवर, इतक्या प्रसन्न आवाजात सांगायचं नसतं.

तर तेव्हापासून मी या लोकांच्या संस्कृतीचा अभ्यास सुरू केला. त्यांचे विनोद गोळा केले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध विनोद आपण आपल्या सावेडीत आणून बसवू. बायको प्रोग्रॅमर नवऱ्याला म्हणते, "येताना एक पिशवी दूध आण, आणि अंडी असली तर बारा आण." नवरा बारा पिशव्या दूध घेऊन येतो. ती विचारते, हे काय? तो म्हणतो, "अंडी होती ना!"

तुम्ही हसलात. आता आपण का हसलो ते पाहू, कारण आपल्याकडे याचं शास्त्र आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं 'तर्कसंग्रह' लिहिला, संस्कृत शाळांमध्ये न्यायशास्त्र शिकायचं सुरुवातीचं पाठ्यपुस्तकच ते. वाक्याचा अर्थ कळायला काय काय लागतं, हे नैयायिकांनी त्यात सांगून ठेवलंय. पहिली आकांक्षा, म्हणजे शब्दांना एकमेकांची गरज हवी. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे नुसते शब्द ओळीनं ठेवले तर वाक्य होत नाही. दुसरी योग्यता. 'विस्तवानं झाडांना पाणी घाल' हे व्याकरणात बसतं, पण विस्तवाला ते काम जमत नाही. तिसरी सन्निधी, म्हणजे शब्द जवळजवळ उच्चारायला हवेत. आत्ता 'गाय' म्हटलं आणि तासाभरानं 'आण' म्हटलं, तर गाय येत नाही.

मी हे भाच्याला सांगितलं, तर तो उडालाच. म्हणाला, "मामा, हे तर आमचे एरर मेसेज आहेत!" आकांक्षा नसली की सिंटॅक्स एरर. योग्यता नसली की टाइप एरर, म्हणजे आकड्यांच्या जागी अक्षरं भरली असा प्रकार. आणि सन्निधी नसली की टाइमआउट. तुम्ही ओटीपी शोधेपर्यंत पान झोपी जातं, ते.

पण नैयायिकांच्या परंपरेत चौथी एक अट सांगितली जाते. तात्पर्य. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे. त्याचं जुनं उदाहरण म्हणजे सैंधव. या शब्दाचे दोन अर्थ, मीठ आणि घोडा. जेवताना कोणी सैंधव मागितलं तर मीठ वाढायचं, प्रवासाला निघताना मागितलं तर घोडा आणायचा. पानाशेजारी घोडा उभा करणाऱ्याला व्याकरण येतं, तात्पर्य येत नाही. दुसरं उदाहरण तर घरगुती आहे. आई मुलाला सांगते, कावळ्यांपासून दही सांभाळ. आता मांजर आलं तर मुलानं काय करायचं? सूचनेत मांजराचा उल्लेख नाही. शहाणं पोर मांजराला हाकलतं, कारण सांभाळायचं दही आहे, हे त्याला न सांगता कळतं. यंत्र कावळे मोजत बसतं आणि मांजराला वाट करून देतं.

आणि इथे खरी गंमत आहे. पहिल्या तिन्ही चुकांना यंत्र लाल अक्षरं दाखवतं. तात्पर्य चुकलं तर काहीच दाखवत नाही. मुकाट्यानं बारा पिशव्या दूध आणून ठेवतं आणि काम पूर्ण झालं असं कळवतं.

आता या मंडळींचं एक कौतुकही केलं पाहिजे. स्वतःवर हसणारा असा दुसरा व्यवसाय मी पाहिलेला नाही. आम्ही प्राध्यापक तर मुळीच हसत नाही. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत लावला आणि खाली लिहिलं की खराखुरा किडा सापडल्याचं हे पहिलंच प्रकरण. विनोद समजून घ्या. बिघाडाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्या आधीपासून होती, एडिसनच्या 1878 च्या पत्रात हा शब्द आहे. म्हणून तर खराखुरा किडा पाहून त्यांना हसू आलं. ग्रेस हॉपर या विदुषी पुढे ही गोष्ट रंगवून सांगत. डोनाल्ड क्नूथ तर या शास्त्रातले मोठे आचार्य. त्यांनी 1977 मध्ये एका टिपणाच्या शेवटी बजावलं की, या प्रोग्रॅमपासून जपून राहा, मी तो बरोबर असल्याचं सिद्ध केलंय, चालवून पाहिलेला नाही. हे वाचून मला वाटलं, हा माणूस आमच्या विभागात शोभला असता.

त्यांच्या काही गोष्टी मात्र आपल्याकडून उचलल्यासारख्या वाटतात. एखादी व्याख्या स्वतःवरच टेकली आणि ती साखळी संपेना, तर आम्ही त्याला अनवस्था दोष म्हणतो आणि मार्क कापतो. ते त्याला रिकर्शन म्हणतात आणि मार्क देतात. फरक इतकाच की थांबायचं कुठे ते त्यांना सांगावं लागतं. नाही सांगितलं तर काय होतं, हे मराठी पोराला वेगळं शिकवायला नको. कापूसकोंड्याची गोष्ट त्यानं आजीकडून ऐकलेली असते. हो म्हणा, नाही म्हणा, गप्प बसा, ती गोष्ट सुरूच होत नाही आणि संपतही नाही.

आणखी एक. प्रोग्रॅममध्ये कोणी कधी काय बदललं याचा हिशेब ठेवायला ही मंडळी गिट नावाची व्यवस्था वापरतात. लिनस टोरवाल्ड्सनं ती 2005 मध्ये लिहिली. त्यात एक आज्ञा आहे, तिचं नावच 'ब्लेम'. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी कोणी बदलली त्याचं नाव येतं. म्हणजे दोष कोणाला द्यायचा, याची कायमची सोय.

आता आपल्या नेवाशाला चला. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, तिथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मग पिढ्यान्‌पिढ्या नकला होत गेल्या, कोणी शब्द बदलला, कोणी पदरची ओवी घातली. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 294 वर्षांनी, पोथ्या पाहून शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. मूळ प्रतीत कोणालाही हात लावू देऊ नका, ही भाच्याच्या कंपनीतली शिस्त त्यांनी तेव्हाच घालून दिली. पण ओव्या कोणी बिघडवल्या, त्यांची नावं एकनाथांनी नोंदवली नाहीत. पाठ शुद्ध केला आणि पुढे गेले. ब्लेम नाही. तात्पर्य ग्रंथ नीट राहावा हे होतं, ते त्यांनी धरलं.

नेवाशाहून पुणतांब्याला जाऊ. राहाता तालुक्यातलं गोदावरीकाठचं गाव. तिथे चांगदेवांची समाधी आहे. परंपरा अशी सांगते की चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, पण मायना सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानानं मोठे. नमस्कार लिहावा, तर हे पोर. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. आजच्या एखाद्या पोर्टलवर तो आला असता तर तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं, 'हा रकाना भरणं अनिवार्य आहे.' मुक्ताबाईंनी थट्टा केली म्हणतात, चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. पण थट्टेवर थांबले नाहीत ते लोक. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला 65 ओव्यांचं उत्तर दिलं. तीच चांगदेव पासष्टी.

याच पुणतांब्यातून 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन. आधार हवं, पती-पत्नी दोघांची माहिती हवी. हेतू वाईट नव्हता. आधीच्या कर्जमाफीत नको त्यांचे खिसे भरल्याच्या तक्रारी होत्या, म्हणजे दह्यावर कावळे होतेच. पण मग केंद्रांवर रांगा लागल्या, सर्व्हर बसला, मुदत वाढवावी लागली. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांमधले घोळ वर्तमानपत्रांत येऊ लागले. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावं! पुन्हा पडताळणी, पुन्हा थांबणं. कोणी विचारायला गेलं की उत्तर एकच, डेटा मिसमॅच. कर्ज खरं, शेत खरं, माणूस समोर उभा, आणि जुळत नव्हत्या त्या दोन याद्या. त्या शेतकऱ्याला लिहायला आलं नाही म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच कोणी भरलेला रकाना चुकला म्हणून तो थांबला होता. या विनोदावर मला हसू येत नाही.

आणि ती एज केस? आपल्या पाथर्डी-शेवगावकडून दर हंगामात ऊसतोडीला जोडपी जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. हंगामभर कोयता धरून, पाचट ओढून बोटांच्या रेषा झिजतात. परत आल्यावर रेशनच्या दुकानात यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. माझा अंगठा जुळला नाही तर माझी सकाळ वाया गेली. तिथे घरातलं धान्य अडतं. कार्यालयात बसून पाहिलं तर हे काठावरचं प्रकरण दिसतं. पाथर्डीच्या एखाद्या तांड्यावर उभं राहून पाहिलं तर गावच्या गाव काठावर आहे. मग तो काठ कोणी आखला, हे विचारायला नको का?

मी भाच्याला नेमकं हेच विचारलं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, आम्हाला कागदावर कावळेच लिहून आलेले असतात. दह्याबद्दल कोणी सांगतच नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. सूचना लिहिणारा साहेब, ठेका घेणारी कंपनी, मुदत ठरवणारा मंत्री, सगळे त्यात आहेत. प्रोग्रॅमर एकटा गुन्हेगार नाही. पण मांजर येताना ज्याला दिसतं, त्यानं ओरडायला हवं. एवढी अपेक्षा मी त्याच्याकडून करतो, आणि त्याला ती मान्य आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: आता एआय आलंय. ते बोलणाऱ्याच्या मनातलं ओळखतं ना?)

चांगला प्रश्न. अंदाज करतं, आणि पुष्कळदा बरोबर करतं. जेवणाच्या पानावर ते आता घोडा आणणार नाही. पण अंदाज चुकला हे कोण सांगणार? ज्यानं मागितलं, तोच. तेव्हा यंत्र कितीही हुशार होवो, शेजारी एक खिडकी हवी आणि खिडकीत निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. माझ्या कागदी फॉर्मवर सही करणारा होता ना, तसा. एवढी मागणी आपण केली पाहिजे. ग्रामसभेत करा, बँकेत करा, लेखी करा.

शेवट चांगला आहे, तो सांगून थांबतो. 2021 पासून हयातीचा दाखला चेहरा दाखवूनही देता येतो. घरबसल्या, मोबाइलवर. अंगठा झिजलेल्या म्हाताऱ्यांची आठवण कोणाला तरी झाली, म्हणजे कोणीतरी दह्याकडे पाहिलं. परवाच्या नोव्हेंबरात भाचा आला होता, त्यानं फोन माझ्यासमोर धरला. यंत्र म्हणालं, डोळे मिचकवा. मी मिचकवले. त्याला पटलं. भाचा म्हणाला, "मामा, झालात जिवंत. आता चहा टाका."