शिंगणापूरची दारे आणि विधानांचे नाते

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना चौकट असते पण कवाड नसते, आणि कुत्री शिरू नयेत म्हणून कोणी चौकटीला एखादी फळी टेकवतो एवढाच काय तो बंदोबस्त, अशी ख्याती दूरवर पसरलेली असल्यामुळे 'येथील एकाही घराला दार नाही' हे विधान लोक निःशंकपणे उच्चारतात. त्याचे खंडन करू पाहणारे मात्र तर्कशास्त्राची सर्रास पायमल्ली करतात.

पहिला गैरसमज असा की, हे विधान खोटे पाडण्यासाठी 'सर्व घरांना दारे आहेत' हे सिद्ध केले पाहिजे. वस्तुतः ही दोन विधाने परस्परांना विपरीत होत. ती एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण खोटी खुशाल असू शकतात. निम्म्या घरांना दारे असली की झाले. ज्याच्या सत्यतेने मूळ विधान असत्य आणि ज्याच्या असत्यतेने ते सत्य ठरते, असे व्याघाती विधान 'निदान एका घराला दार आहे' हेच. त्यासाठी गावभर झडती घेण्याची जरुरी नाही; एक कवाड हजर केले की दावा खारीज.

मात्र ते कवाड घराचे पाहिजे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने येथे कुलूपरहित शाखा उघडली, तिला काचेचे दार बसविले, आणि आख्यायिका कोसळली असा पुकारा झाला. त्या दाराने 'गावात एकही दार नाही' हे विधान कोसळते खरे. घरांविषयीच्या विधानाला धक्काही लागत नाही, कारण बँक म्हणजे कोणाचे घर नव्हे. वादाच्या ऐन भरात उद्देश्यपद गुपचूप बदलण्याची ही खोड वकिलांपेक्षा यात्रेकरूंत अधिक, असे माझे मत आहे.

'काही घरांना दारे आहेत' यावरून उरलेल्यांना ती नाहीत, असेही समजले जाते. व्यवहारात तसे ध्वनित होते. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे निदान एक, आणि त्यात 'सर्व' वर्ज्य नाही.

विपरीत विधाने कधीच एकदम खरी नसतात, हा ॲरिस्टॉटलच्या परंपरेचा नियमही आधुनिक तर्कशास्त्राने सरसकट मान्य केलेला नाही. गावात एकही कुलूप नाही असे धरल्यास 'येथील सर्व कुलपे पितळी आहेत' आणि 'येथील एकही कुलूप पितळी नाही' ही दोन्ही विधाने खरी ठरतात, कारण यांपैकी कोणतेही खोटे पाडण्यासाठी पुराव्यादाखल पुढे करण्यास कुलूपच नाही.