तांबड्या पेशीचे कवाड

रोवणीच्या दिवसांत आपल्या भंडारा जिल्ह्यात जिकडे पाहावे तिकडे पाणी. बांध्या भरलेल्या, बोड्या भरलेल्या, मालगुजारी तलाव तुडुंब. धानाला ते हवेच. पण डासालाही तेच हवे. मग घरात कुणाला तरी हुडहुडी भरते. दोन-चार गोळ्या घेतल्या, ताप उतरला, माणूस पुन्हा चिखलात उभा. आणि काही महिन्यांनी, नवा डास चावलेला नसतानाही, तोच ताप परत! हा काय प्रकार आहे, ते आज समजून घेऊ.

असा उलटणारा हिवताप आपल्याकडे व्हायव्हॅक्स नावाच्या जंतूचा. डासाच्या सोंडेतून तो शिरतो, आधी यकृतात मुक्काम करतो आणि तेथून रक्तातल्या तांबड्या पेशींवर चाल करतो. आता पेशी म्हणजे काही उघडे अंगण नव्हे. तिच्याभोवती पातळ पडदा असतो आणि त्यावर निरनिराळी प्रथिने बसवलेली असतात. शरीरातले रासायनिक निरोप ज्या प्रथिनांना येऊन चिकटतात, त्यांना ग्राही म्हणतात. तांबड्या पेशीवरच्या अशाच एका ग्राहीचे नाव डफी. सूज आलेल्या जागेहून रक्तात सुटणारे निरोप धरून ठेवणे हे त्याचे काम. व्हायव्हॅक्स नेमका त्यालाच पकडून आत शिरतो. कवाड आपले, पाहुणा भलताच!

नावाची हकीकत गमतीची आहे. 1950 मध्ये लंडनला, वारंवार रक्त द्यावे लागलेल्या एका रुग्णामुळे हा रक्तगट प्रथम ओळखला गेला. त्याचेच आडनाव त्याला चिकटले. हा ग्राही घडवण्याचा लेखी हुकूम म्हणजे त्याचे जनुक. ते पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते, हे 1968 मध्ये रॉजर डोनाह्यू यांनी स्वतःच्याच घराण्यातल्या एका वेगळ्या दिसणाऱ्या गुणसूत्राचा माग काढून दाखवले. पुढे 1975-76 च्या सुमारास लुई मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले की, पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतोच, म्हणून व्हायव्हॅक्स त्यांना सहसा बाधत नाही. त्यांचे जनुक मोडलेले नसते बरे का! तांबड्या पेशीपुरते त्याचे बटण तेवढे बंद असते. एका खोलीतला दिवा लागत नाही, बाकी घर उजळलेले. (अलीकडे अशा काही लोकांतही हा ताप आढळला आहे. जंतूही स्वस्थ बसत नाही.)

आपल्याकडे मात्र बहुतेक सर्वांचे हे कवाड उघडेच.

'सिकलसेल असला की हिवताप होत नाही' असे कुणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. सिकलसेल हा पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनचा दोष. तो आईबापांपैकी एकाकडूनच आला असेल, तर फाल्सिपॅरम या दुसऱ्या जंतूच्या जीवघेण्या तापापासून बरेच संरक्षण मिळते, हे खरे. परंतु दोघांकडून आलेला असेल, तर त्या रुग्णाला हिवताप फारच धोक्याचा.

आता उलटणाऱ्या तापाकडे वळू. क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात, यकृतात झोपलेले मरत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते. ताप तर तीन दिवसांत उतरतो, आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात! मात्र हे औषध मनाने घेऊ नये. गरोदर बाईला व तान्ह्या मुलाला ते देत नाहीत. काही घराण्यांत जी-सिक्स-पी-डी नावाच्या द्रव्याची उणीव असते. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. म्हणून आरोग्य केंद्रात रक्त तपासून विचारूनच ती सुरू करावी, आणि लघवी काळपट दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.