चांदीचा पेलिकन आणि पेल्याची गाठ

जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या आवारात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथला सतराव्या शतकातला चांदीचा पेलिकन चोचीनं स्वतःचीच छाती टोचतो आहे. भुकेल्या पिल्लांना हा पक्षी आपलं रक्त पाजतो, अशी युरोपातली जुनी समजूत. तिच्यात ख्रिस्ताचं बलिदान पाहिलं गेलं. आपल्या पक्षिमित्रांचा झोळीवाला तो हाच. तळ्यावर मासे गिळताना मात्र तो त्यागमूर्ती मुळीच वाटत नाही!

मिस्सा या उपासनेत अर्पण केलेली भाकर आणि द्राक्षारस म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त, ही कॅथलिक श्रद्धा. पवित्र भाकर ठेवण्याच्या पात्रावर पेलिकन येतो तो त्यामुळे. पण प्रतीकांपेक्षा मला मिस्सेच्या भांड्यांची घडण जास्त बोलकी वाटते.

द्राक्षारसाचा जुना पेलाच घ्या. त्याचा दांडा मध्येच गाठीसारखा फुगलेला असतो. नक्षीला ती जागा सोयीची, पण तिचं खरं काम पकडीचं. जुन्या लॅटिन विधीत भाकरीचं अभिमंत्रण झालं की फादर अंगठा आणि तर्जनी जुळवून ठेवत, ती थेट बोटं धुवेपर्यंत. चिमटीतला कणसुद्धा खाली सांडता कामा नये. जड पेला उचलायचा तो उरलेल्या बोटांनी. तेव्हा ही गाठ उपयोगी पडे. बैठकीवर एकाच बाजूला कोरलेला क्रूसही नुसता शोभेचा नाही. कुठल्या कडेनं प्यायचं, याची ती खूण. पेला चांदीचा असला, तरी आतून सोन्याचा मुलामा हवाच.

इतर भांड्यांचीही घडण अशीच ठरलेली: धुपाचं पात्र साखळ्यांना टांगलेलं, तर धूप ठेवायची डबी होडीच्या आकाराची.

गोव्यात चर्चची ही भांडी घडवणार कोण, हा प्रश्न चर्चला सुरुवातीपासून छळत होता. स्थानिक कारागिरांचे हात कसबी, पण धर्म वेगळा. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेनं तर चर्चच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून घडवून घेऊ नयेत, असं बजावलं. स्थानिक कसबाची साथ मात्र चर्चला सोडता आली नाही. बॉम जेझू चर्चमधली संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची शवपेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच चांदीकारांनी घडवली. संताच्या चरित्रातले प्रसंग तिच्यावर उठावात आहेत. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचा. तो बसवला गेला १६९८ मध्ये, म्हणजे पेटीनंतर सुमारे साठ वर्षांनी.