चिखल, तेल आणि पाना : घरच्या जुन्या जीपची देखभाल

दसऱ्याच्या सकाळी बोदवडात ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि जीप यांना एकाच हाताने हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. आमच्या दारातल्या जीपलाही तो पडतो. तिची खरी सेवा मात्र दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत होते. पावसाळा सरलेला असतो, कपाशीची वेचणी सुरू झालेली असते आणि चार महिन्यांत गाडीच्या पोटात काय साचले ते पाहायची हीच वेळ असते. यंदा या पाहण्याला आणखी एक कारण आहे. पुढच्या वर्षी तिच्या नोंदणीची मुदत संपते आहे. गाडी ठेवायची की मोडीत द्यायची, हा प्रश्न घरात उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना ही गाडी घरच्या घरी इतकी वर्षे कशी टिकली, याचा शोध घ्यावासा वाटला.

या शोधाची सुरुवात १९४० साली होते. अमेरिकी सैन्याला हलके, चारही चाकांना ओढ असलेले वाहन हवे होते. बँटम, विलीस आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने दिले. त्यातून जीप घडली आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. आघाडीवर कारखाना नसतो. म्हणून सरळ शिडीसारखी चासी, वर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पाट्यांवर तोललेले धुरे आणि हात सहज पोहोचेल असे इंजिन, अशी तिची रचना राहिली. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र हे नाव घेतलेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत सुटे भाग जोडून विलीस जीप तयार करायला घेतल्या. उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ चालले. त्याच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर सरकले. आपल्याकडे हा चेहरा त्यानंतरही कित्येक वर्षे रस्त्यावर राहिला. १९८०च्या दशकात त्यामागे इगतपुरीत तयार होणारे २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन आले. आमची ‘एमएम ५४०’ त्याच पिढीतली.

आता जमीन. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती चाकाला थरावर थर देत चढते, टायरच्या खाचा बुजतात आणि चाक गुळगुळीत लाटण्यासारखे फिरू लागते. वाफसा नसताना वावरात बैल घालू नये हे जसे शेतकऱ्याला कळते, तसेच जीपवाल्यालाही कळावे लागते. पण नाला ओलांडणे कुणाला चुकत नाही, आणि जीपचे बहुतेक आजार तिथे सुरू होतात.

मैलभर चाललेल्या गाडीचे डिफरन्शियल तापलेले असते. आतली हवा फुगलेली असते. ते एकदम थंड पाण्यात बुडाले की हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. हाऊसिंगवर ब्रीदर नावाची बोटाच्या पेराएवढी तोटी असते, ती हवा आत-बाहेर करते. ती चिखलाने बुजली असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत जाते. एका वर्षी आम्ही कपाशीच्या घाईत दिवाळीचे तेल बदलणे टाळले. माघात मागून भुंग्यासारखा आवाज येऊ लागला. प्लग काढला तेव्हा तेलाऐवजी ताकासारखे काहीतरी बाहेर आले. बेअरिंगांवर गंज चढला होता. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवाळीच्या पानावर ‘ब्रीदर’ एवढे लिहून ठेवले.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवावी. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते. सकाळी खालचा प्लग दोन आटे सैल करावा. पहिले थेंब पाण्याचे आले किंवा तेल पांढुरके दिसले तर सगळे तेल काढून नवे ९० नंबरचे गिअर ऑइल भरावे. भरण्याचा वरचा प्लग सुटतो ना, हे खालचा उघडण्याआधी पाहावे. नाहीतर तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. पाट्यांच्या शॅकलना, किंगपिनला आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस देताना जुने काळे ग्रीस बाहेर येऊन मागे नवे दिसेपर्यंत गन दाबावी. जुन्याबरोबर आतला चिखलही बाहेर पडतो.

दुसरा आजार समजुतीचा आहे. चारही चाकांची ओढ म्हणजे जास्त ताकद, म्हणून ती कायम लावून ठेवावी, असे अनेकांना वाटते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. फोर बाय फोर लावले की ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधून टाकते. चिखलात चाक किंचित घसरून हा फरक जिरवते. डांबरावर ते घसरत नाही. मग सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि गिअरांवर येतो. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर लावल्यानेही हेच होते, कारण झिजलेल्या चाकाचा घेर कमी असतो. काटकसर म्हणून दोनच टायर बदलणाऱ्या घरांत ही झीज कुणाच्या लक्षात येत नाही.

डिझेल इंजिनाचे दुखणे बहुधा हवेचे असते. फिल्टर बदलताना हवा शिरली की इंजिन फिरते, उठत नाही. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप दाबत राहावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की बोल्ट आवळावा. थंडीच्या सकाळी पांढरा धूर सोडत अडखळत उठणारी गाडी हीटर प्लग तपासायला सांगते.

घरी काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. फ्युएल पंप आणि नोझल उघडू नयेत. त्यांचे माप केसापेक्षा बारीक असते, ते कॅलिब्रेशनवाल्याकडेच द्यावेत. चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाजवळ हात नेऊ नये. दाबाखालचे डिझेल कातडीतून आत शिरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि तापले की त्याला फेस येऊन पेडल खाली जाते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. काळ्या मातीत जॅक रुततो. त्याखाली जाड फळी हवी, चाकांना अडण हवी, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. हा एक नियम अण्णांनी आम्हा भावंडांना ओरडून शिकवला.

आता मूळ प्रश्न. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते, पर्यावरण करही भरावा लागतो. जुने डिझेल इंजिन धूर जास्त ओकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण त्या रोजच्या वापरात आणता येत नाहीत. अजून वावरात जाणारी जीप या मानात बसत नाही. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर शेतीची अवजारे आणि वाहने तिच्या कक्षेत होती. आज ज्याला हक्क म्हणावे लागते, ते या गाडीत बोल्टाच्या डोक्यावरच दिलेले होते. नव्या गाडीचा दिवा पेटला की तो वाचायला कंपनीचे यंत्र लागते. आमच्या गाडीचा आजार आवाजाने, वासाने आणि प्लगमधून पडणाऱ्या थेंबाने कळतो, आणि तो ओळखायला घरातली पुढची पिढी शिकू शकते.

म्हणून आम्ही ठरवले आहे की, धुराच्या आणि ब्रेकच्या तपासणीत ती प्रामाणिकपणे उतरली तर ठेवायची. नाही उतरली तर हट्ट करायचा नाही. लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वह्यांबरोबर जीपची वहीही पाटावर असेल. यंदाची नोंद पुतणीच्या अक्षरात आहे : मागचे डिफरन्शियल, तेल स्वच्छ. पुढचे किंचित धुरकट, तेल बदलले, ब्रीदर साफ केला.