एका सुईची गोष्ट

सुई या शब्दाशी माझा संबंध आजवर व्याकरणापुरताच होता. सुई, सुया, ईकारान्त स्त्रीलिंगी. पण गेल्या श्रावणात हिंगोलीच्या आमच्या गल्लीत घंटागाडी आली, मी लगबगीने कचऱ्याची पिशवी पुढे केली आणि ती घेणाऱ्या बाई "आई गं!" म्हणून मागे सरल्या. बोटातून रक्त येत होते. पिशवीत माझ्या मातोश्रींची इन्शुलिनची सुई होती.

त्यांना घेऊन तडक दवाखान्यात गेलो. रक्त तपासले, इंजेक्शन दिले, पुन्हा तपासणीला येण्यास सांगितले. तिथे बसल्या बसल्या कोपऱ्यातील रंगीत डबे मी प्रथमच नीट पाहिले. परिचारिकेने त्यांची ओळख करून दिली. पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस, मलमपट्ट्या. ते सारे भट्टीत जाळायचे. तांबड्यात सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे, निळ्यात काच. सुयांचा डबा मात्र पांढरा आणि टणक, आतून कितीही टोचले तरी भोक पडू नये असा.

जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ सालचे. (नाव उच्चारतानाच दम लागतो, सरकारी मराठीला सोपा शब्द वर्ज्य असावा!) २८ मार्च २०१६ रोजी नवे नियम आले आणि प्रत्येक पिशवीला बारकोड चिकटवणे आले. रजिस्टर टपालासारखा तिचा माग राहावा, कचरा नेणारी गाडी कुठे आहे तेही जीपीएसवर कळावे, पिवळ्या पिशवीतील कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून अधिक राहू नये, हा त्यामागचा हेतू. खाटा नसलेला, एका डॉक्टरचा दवाखाना हिंगोलीत असो की सेनगावात, त्यालाही यातून सूट नाही.

एवढा पहारा कशासाठी? गुजरातेत मोडासा भागात २००९ साली 'बी' प्रकारच्या काविळीची साथ आली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचे उघड झाले. कितीतरी माणसे दगावली. फेकलेली सुई परत येऊ नये, यासाठीच सारा हिशेब.

आणि आमच्या घरची सुई? जात तीच, टोक तेच. पण तिला ना डबा, ना बारकोड. दवाखान्यात टोचली असती तर तिची नोंद झाली असती. स्वयंपाकघरात टोचली म्हणून ती भाजीच्या देठांत गेली. घरच्या वापरलेल्या सुया वेगळ्या ठेवाव्यात, असे २०१६ च्याच घनकचरा नियमांनी सांगितले होते. पोरांना अलंकार शिकवणाऱ्या या एम.ए. माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

आता मातोश्रींच्या खाटेशी जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची बरणी असते. तिच्यावर मी ठळक अक्षरांत 'सुया' असे लिहिले आहे. भरली की ती निराळी, सांगून हातात द्यायची.

गाडी आली की बाई अजून आधी पिशवीकडे पाहतात, मग माझ्याकडे. "सर, आज सुई नाही ना?"

दोन तपासण्या ठीक आल्या आहेत. शेवटची दिवाळीनंतर आहे.