वेगवान मोटारीचे उतारवय

ज्या मोटारीच्या रचनेत इंधनाची बचत किंवा आसनांची संख्या यांपेक्षा इंजिनाची ताकद, वळणावरचा तोल आणि चालकाच्या पायाला मिळणारा तत्काळ प्रतिसाद यांना अग्रक्रम दिलेला असतो, तिला वाहनव्यवसायात ‘परफॉर्मन्स कार’ म्हणतात. सर्वसामान्य भारतीय ग्राहकाच्या आवाक्यात येतील अशा या वर्गातील मोटारींचा इतिहास लहान आहे, आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. २००१ साली फियाटने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पॅलिओ ही आखूड मोटार बाजारात आणली, तिच्या १.६ लिटर, १६ व्हॉल्व्हच्या आवृत्तीची ताकद सुमारे १०० अश्वशक्ती होती, जी त्या काळी एवढ्या आकाराच्या गाडीला क्वचितच मिळत असे. त्याच दशकात औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे जुळणी होणाऱ्या स्कोडा ऑक्टाविया मालिकेत ‘आरएस’ ही आवृत्ती आली, तिचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन १५० अश्वशक्तीचे होते आणि त्याच्या प्रत्येक सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण २० व्हॉल्व्ह होते. आज या मोटारींनी विशी गाठली आहे किंवा ओलांडली आहे, आणि कोल्हापुरात एमएच ०९ या पाटीखाली अशी एखादी गाडी चालू ठेवणे हा छंद राहत नाही, ते जवळजवळ एक जोडकाम होऊन बसते.

या वयाच्या मोटारीला समाजात आणि कायद्यात निश्चित जागा नाही. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची जी जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तिच्याकडे अवघे शहर वारसा म्हणून पाहते, आणि ते योग्यच आहे. परंतु २० वर्षांची पॅलिओ लोकांच्या लेखी केवळ जुनी गाडी असते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ हा दर्जा ५० वर्षांनंतर मिळतो, तर खासगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांत संपते. त्यानंतर दर ५ वर्षांनी परिवहन कार्यालयात गाडी दाखवून, म्हणजे रूढ भाषेत पासिंग करून, नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. या दोन टोकांमधल्या ३५ वर्षांच्या काळात मोटारीला कोणीही वाली नसतो, कारण तिचे सुटे भाग बनवणे निर्मात्याला परवडत नाही आणि तिला जपावे असे संग्राहकाला अद्याप वाटू लागलेले नसते.

कोल्हापूरचे वेगळेपण येथे सुरू होते. पंचगंगा आणि तिच्या उपनद्यांचे पाणी शेतावर चढवणारी ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळांचे चरक यांच्या दुरुस्तीतून या शहरात यंत्रकामाची परंपरा रुजली. दुरुस्तीतून सुटे भाग घडवणे आले, सुट्या भागांतून पूर्ण इंजिने आली, आणि पुढे शिवाजी उद्यमनगर, वाय. पी. पोवारनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे फाउंड्री आणि मशीन शॉपचे दाट जाळे विणले गेले. फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना, जिथे पॅटर्नवरून वाळूचा साचा तयार करून त्यात वितळलेला धातू ओततात. मशीन शॉपमध्ये त्या ओतीव तुकड्याला लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग यंत्रांवर नेमके माप दिले जाते. देशभरातील वाहन आणि ट्रॅक्टर उद्योगाला लागणारे ओतीव भाग या पट्ट्यातून जातात. म्हणून ज्या गावात क्रँक ग्राइंडिंग, सिलिंडर बोअरिंग, लायनर बसवणे आणि हेड फेसिंग ही कामे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होतात, त्या गावातील जुन्या मोटारीच्या मालकाला इंजिनाच्या धातूची धास्ती बाळगण्याचे फारसे कारण राहत नाही.

सिलिंडर हेडचे काम पाहिले म्हणजे या कौशल्याची उंची आणि तिची मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट आणि ज्वलनकक्षाचे छत असते. ऑक्टावियासारख्या मोटारीत खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. त्यामुळे शीतक द्रवाची एखादी नळी फुटून इंजिन एकदा जरी बेसुमार तापले, तरी हेड वाकते, गास्केट उडते आणि पाणी व ऑइल एकमेकांत मिसळते. उद्यमनगरात असे हेड आले की प्रथम ते धुऊन त्यावर सरळ पट्टी ठेवतात आणि पट्टीखालच्या फटीत फिलर गेजची पातळ पाती सरकवून बाक मोजतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका बाकही येथे पुष्कळ समजला जातो. नंतर पाण्याचे मार्ग बंद करून आत हवेचा दाब देतात आणि हेड पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतात, कारण तडा गेलेल्या हेडला फेस मारून उपयोग नसतो. ते निर्दोष ठरले तरच यंत्रावर घेऊन त्याचा पृष्ठभाग सपाट होईपर्यंत अत्यंत पातळ थर काढला जातो.

पंपाच्या जुन्या इंजिनाचे काम साधारणपणे एवढ्यावर संपत असे, परंतु ताकदीच्या मोटारीत खरा प्रश्न येथून पुढे उभा राहतो. हेडचा थर गेला की ज्वलनकक्ष तेवढा लहान होतो आणि संपीडन गुणोत्तर, म्हणजे हवा-इंधनाचे मिश्रण पेटण्यापूर्वी किती पटीने दाबले जाते त्याचे माप, वाढते. टर्बो इंजिनात आधीच दाबलेली हवा येत असल्यामुळे ही वाढ मिश्रणाला वेळेआधी आपोआप पेटवू शकते. त्या धक्क्याला कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात आणि ते दीर्घकाळ चालले तर पिस्टनचा माथा जळतो. म्हणून जाणता मिस्त्री किती थर निघाला हे मालकाला लिहून देतो, जेणेकरून पुढच्या वेळी हेड पुन्हा फेस करता येईल की बदलावे लागेल हे ठरवता येते. हेडचे बोल्ट हा आणखी एक बारकावा आहे. अशा अनेक इंजिनांत ते कसताना किंचित ताणले जातील अशा बेताने बनवलेले असतात आणि एकदाच वापरायचे असतात. जुनेच बोल्ट धुऊन, तेल लावून पुन्हा बसवण्याची काटकसर ऑइल इंजिनाच्या सवयीतून आलेली आहे, आणि ती कटाक्षाने टाळावी.

धातूच्या बाबतीत मिळणारा हा दिलासा रबर, प्लास्टिक आणि विद्युत यंत्रणा यांच्या बाबतीत मिळत नाही, आणि मालकाच्या त्रासाचा मोठा वाटा याच तीन गोष्टींत असतो. टर्बोचार्जर म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारी आणि त्या फिरण्यातून इंजिनात जादा हवा कोंबणारी चक्की. तिचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. ही हवा थंड करून इंजिनापर्यंत नेणाऱ्या नळ्या, तिचा दाब सांभाळणारे छोटे व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडणाऱ्या निर्वात नळ्या यांचे रबर २० वर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि चिरते. चीर डोळ्यांना दिसत नाही, कारण इंजिन थांबलेले असताना ती मिटलेली असते. गाडी चालते, पण ओढत नाही. किंवा चढावर अचानक मिसिंग मारते आणि सपाटीला येताच शहाण्यासारखी वागू लागते. त्यातच इंजिनाचा संगणक हवेची तूट पाहून इंधनाचे प्रमाण सतत जुळवून घेत असतो, त्यामुळे मूळ दोष झाकला जातो आणि स्कॅनर भलत्याच संवेदकाकडे बोट दाखवतो. तो संवेदक बदलला जातो, पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. या फसगतीवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात हलक्या दाबाने धूर सोडणे आणि तो कुठून बाहेर येतो ते शांतपणे पाहणे. या कामाला लागणारे साहित्य साधे आहे, पण घाईतल्या गॅरेजमध्ये तेवढा वेळ दिला जात नाही.

रबराला आता आणखी एका बाजूने झळ पोहोचते, आणि तिचा संबंध कोल्हापूरच्या शिवारापर्यंत जातो. या जिल्ह्याची अर्थव्यवस्था उसावर उभी आहे. साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांतून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि आज पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, ही गोष्ट निःसंशय मोलाची आहे. तथापि एप्रिल २०२३ पासूनच्या मोटारी या मिश्रणाचा विचार करून बनवल्या गेल्या, तर २००१ च्या मोटारीच्या इंधननळ्या आणि सीलची रबरे त्यासाठी निवडलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात आणि हळूहळू झिरपू लागतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचा अंशही वाढतो. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, म्हणून मायलेज घटते. मात्र नॉकिंगला त्याचा विरोध अधिक असतो, आणि टर्बो इंजिनाला हा एक गुण खरोखर उपयोगी पडतो. मालकाने करायचे ते एवढेच, की इंधननळ्या नव्या मिश्रणाला चालणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्यात आणि उभ्या गाडीची टाकी अर्धवट ठेवू नये.

सुट्या भागांचा शोध हा या मालकीचा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. पॅलिओ ज्या कुर्ल्यात तयार झाली, त्याच कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आज तिचे दिवे, दाराची कुलपे आणि काचा उचलणारी यंत्रे शोधावी लागतात. तिथे मिळालेला भाग गाडीला बसेलच याची शाश्वती नसते, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन भाग आतल्या जोडणीत वेगळे निघतात. परदेशातून मागवलेल्या वस्तूवर आयात शुल्क आणि आठवड्यांची प्रतीक्षा येते. तोपर्यंत गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते, बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, आणि घरातली मंडळी ‘ती विकून का टाकत नाही’ असे विचारतात. हा प्रश्न अवाजवी नाही, कारण विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते, तिच्याहून वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च कधीकधी अधिक होतो. चावीतील चिप आणि इंजिनाचा संगणक यांची जोडी तुटली, तर यांत्रिकदृष्ट्या निरोगी गाडीही जागची हलत नाही आणि तिला टोचन करून न्यावे लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी वस्तीत शिरले तेव्हा बुडालेल्या मोटारींपैकी ज्यांची इंजिने उघडून साफ करता आली, त्यांच्याही वायरिंगमध्ये ओल राहून गेली, आणि तशी ओल पुढे कित्येक महिने नवनवे दोष दाखवत राहते.

तरीही येथेही कारागीर अगदीच हात टेकत नाहीत. सस्पेन्शनचे, म्हणजे चाके आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश मिळेनासे झाले की पॉलियुरेथेनच्या दांड्यातून लेथवर तसे बुश कातून घेतात. बसणी थोडी कडक होते, पण वळणावरची गाडी पुन्हा ताठ उभी राहते. तुटलेल्या प्लास्टिकच्या पाणीजोडाऐवजी ॲल्युमिनियमचा जोड मिलिंग करून घेता येतो. अशा कामात मूळ नकाशा कोणाकडे नसतो, त्यामुळे काढलेला मोडका भाग हाच एकमेव नकाशा ठरतो आणि तो भंगारात देण्याची घाई महागात पडते. जो मालक मोडके तुकडे, मापे आणि तारखा यांची नोंद ठेवतो, त्याचे काम मिस्त्री आवडीने करतो. अशा गाडीची दुरुस्ती खरे तर त्या दोघांनी मिळून केलेला अभ्यास असतो, आणि या मालकीतला अर्धा आनंद रस्त्यावर येण्याआधीच तिथे मिळून जातो.

उरलेला आनंद गगनबावड्याच्या रस्त्यावर आहे. कोल्हापूरपासून कळे, साळवणमार्गे जाणारा हा सुमारे ५५ किलोमीटरचा मार्ग उसाच्या पट्ट्यातून सह्याद्रीच्या कड्याकडे जातो आणि पुढे करूळ व भुईबावडा या घाटांनी कोकणात उतरतो. गळीत हंगामात या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर संथपणे चाललेले असतात, आणि अशा लांब वाहनाला ओलांडताना समोरचा मोकळा रस्ता फार थोडा वेळ मिळतो. येथे ताकदीचा खरा उपयोग कळतो. टर्बो इंजिनात पाय दाबल्यावर चक्की वेग घेईपर्यंत क्षणभर विलंब होतो, त्याला ‘टर्बो लॅग’ म्हणतात. सराव झालेला चालक हा विलंब जमेस धरून आधीच तिसरा गिअर टाकतो, आणि ओढ येते तेव्हा ट्रॅक्टर मागे पडून गाडी आपल्या बाजूला परतलेलीही असते. त्याला त्यासाठी कोणतीही वेगमर्यादा मोडावी लागत नाही, फक्त धोक्याच्या बाजूला काढायचा वेळ कमी होतो. शिवाय या पिढीच्या मोटारींचे स्टीअरिंग तेलाच्या दाबावर चालते. आजच्या बहुतेक गाड्यांत ते काम विद्युत मोटार करते आणि चाकाखालचा रस्ता हाताला फारसा कळत नाही. भुईबावड्याच्या उतारावर ओल्या पानांवरून पुढचे चाक किंचित सुटू लागले, तर जुन्या स्टीअरिंगमध्ये ते तळहाताला आधी जाणवते आणि पाय आपसूक सैल होतो. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, हे मान्य करूनही ही जाणीव त्यांच्यात नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

हा अनुभव टिकवायचा तर तो देणाऱ्या भागांची मुदत पाळावी लागते. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि कॅमशाफ्ट यांचे फिरणे जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, किलोमीटर कमी झाले तरी वयाने झिजतो. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड पुन्हा उद्यमनगरात न्यावे लागते. म्हणून पासिंगच्या ५ वर्षांच्या खेपेसोबतच पट्टा, त्याचा टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकत्र बदलून घेण्याची पद्धत शहाणपणाची आहे. हा पंप पट्ट्याच्याच मार्गात असतो, आणि पुढे तोच बदलायचा झाला तर तेवढीच मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते.